घाट खालून वाचावा

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जुन्नरहून नाणेघाटाकडे निघालेल्या गाड्यांचा दिवस ठरलेला असतो. सकाळी लेण्याद्री, मग शिवनेरी, वाटेत पूरचे कुकडेश्वराचे देऊळ, चावंडचा किल्ला काचेतूनच, आणि घाटघरच्या पुढे पठारावर गाडी लावून उलट्या धबधब्याचे फोटो. दिवसभरात बघायचे बहुतेक सारे बघून होते. फक्त ते उलट्या दिशेने बघितले जाते. ही ठिकाणे एका वाटेची अंगे आहेत, आणि ती वाट समुद्राकडून वर येणारी होती. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल मुरबाडच्या बाजूने सह्याद्रीच्या पायथ्याशी यायचा, नाणेघाटाच्या नळीतून चढायचा, जुन्नरच्या पेठेतून पुढे पैठण, तेरपर्यंत जायचा. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर या चारही गावांची नावे आहेत. आज मात्र रस्ता पठारावरून येतो, आणि घाटाचे तोंड प्रवासाचे शेवटचे टोक, म्हणजे निव्वळ ‘व्ह्यू पॉइंट’ होऊन बसते.

नळीच्या माथ्याजवळच्या लेण्याकडे या दृष्टीने पाहावे. इथे स्तूप नाही. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लांबलचक लेख आहे: सातवाहन राणी नागनिकेच्या काळात झालेल्या यज्ञांची आणि दक्षिणेची जंत्री. ११,००० गाई, १,००० घोडे, हजारोंनी कार्षापण; अंकलेखनाच्या अभ्यासकांना आकड्यांच्या या खुणा सोन्याहून मोलाच्या. समोरच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुलातल्या इतरांच्या मूर्ती होत्या. आता डोक्यावरची नावे राहिली आहेत आणि खाली काहींची पावले. मधला देह गेला. असा राजदरबार एखाद्या राजधानीत कोरायचा सोडून घाटाच्या तोंडाशी का कोरला? चढून दमलेला व्यापारी देशावर पाऊल टाकण्याआधी इथे टेकणार आणि राज्य कोणाचे हे त्याला कळणार, हेच उत्तर मला पटते. गाडीतून उतरून चार पायऱ्या खाली आलेल्याला तो दरारा जाणवत नाही, कारण तो आधीच त्या राज्यात आलेला असतो.

यावर हरकत येते ती अशी, की जुन्नरच्या दोनशेहून अधिक लेण्यांचा व्यापाराशी संबंध जोडणे ही अभ्यासकांची हौस आहे. लेणी भिक्षूंच्या वर्षावासासाठी होती. होतीच. पण पैसा कुणाचा, हे लेखच सांगतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानेही पोढी आणि मंडप दिला. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. एकाच गावाच्या आसमंतात परदेशी माणूस, अंमलदार आणि धान्याचे व्यापारी दानधर्म करतात, तेव्हा त्या गावातून वर्दळीची वाट जाते हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

दुसरी हरकत अधिक वजनाची. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, हे सगळे सांगतात; पण रांजणावर तसा लेख नाही. ही हरकत मान्य करावी. जकातीची गोष्ट परंपरेची आहे, पुराव्याची नव्हे, आणि नेमका त्या रांजणापाशीच फोटोंचा गराडा पडावा हा गमतीचा भाग. तिसरी हरकत व्यवहाराची: पायथ्याच्या वैशाखरे गावाच्या बाजूने चढायला दोन-तीन तास लागतात, वयस्कर माणसांनी काय करावे? त्यांनी पठारावरून यावे, बिनदिक्कत यावे. मात्र ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर उतरून जंगलातून वर यावे. आधी मोकळी पायवाट, मग दाट झाडी, मग ‘नानाचा अंगठा’ या कड्याखालची ती अरुंद नळी आणि झिजलेल्या पायऱ्या. पायरीच्या कडा इतक्या गुळगुळीत, की पावसात बूट टेकवताना जपावे लागते. धाप लागते आणि तहानही लागते, नेमकी तेव्हाच लेण्याजवळची टाकी दिसतात.

त्या टाक्यांपैकी एकावर छोटा लेख आहे. इथे यज्ञ नाहीत, गाईघोडे नाहीत. ही पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान, एवढेच. दान देणारा माणूस खालचा, समुद्रकाठचा. आणि त्याने पाणी ठेवले ते चढण संपते तिथे.