सर्व्हरवरच्या फायलींची मालकी बिघडली तर

लिनक्स सर्व्हरवर प्रत्येक फाइलला मालक असतो. ‘चोन’ ही मालक बदलणारी आज्ञा चुकून मूळ फोल्डरपासून खालपर्यंत चालली, तर प्रशासकाचे अधिकार मिळवून देणारी ‘सुडो’ ही आज्ञासुद्धा बंद पडते, कारण तिची फाइल ‘रूट’च्याच, म्हणजे मुख्य प्रशासकाच्याच, नावे असावी लागते. अशा वेळी रूटचे उघडे सत्र बंद करू नका. सगळेच सरसकट रूटच्या नावे करू नका. तसे केले तर डेटाबेस सुरू होणार नाही.

रेड हॅट परिवारातल्या लिनक्समध्ये ‘आरपीएम’ या पॅकेज-व्यवस्थापकाकडे पॅकेजमधल्या फायलींचे मूळ मालक आणि परवानग्या नोंदलेल्या असतात. त्यावरून आधी मालकी, मगच परवानग्या पूर्ववत करा. कारण मालक बदलताना ‘सेटयूआयडी’ ही खास परवानगी पुसली जाते. सर्व्हरवरील ग्राहकांच्या वेबसाइट, ईमेल आणि डेटाबेस मात्र आरपीएमच्या नोंदीत नसतात. त्यांची मालकी खातेनिहाय, बॅकअपशी ताडूनच दुरुस्त करावी.