सायप्रेस (पॅराशूट सुरक्षा उपकरण)

सायप्रेस हे आकाशउडी घेणाऱ्याचे राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. जर्मनीतील एअरटेक कंपनीने ते १९९१ मध्ये बाजारात आणले. हवेच्या दाबावरून ते उंची व वेग ठरवते. अनुभवी व्यक्तींसाठीच्या प्रकारात, सुमारे २२५ मीटर उंचीवरही पडण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरहून अधिक असल्यास, राखीव पॅराशूटची पिशवी बंद ठेवणारी दोरी लहान पात्याने कापली जाते.

गरजेच्या क्षणी उपकरण न चालणे घातकच. परंतु अवेळी चालणेही तितकेच धोक्याचे, कारण उघडलेली दोन पॅराशूट एकमेकांत गुंतू शकतात. म्हणून सुरू करताच ते स्वतःची चाचणी घेते व दोष आढळल्यास सुरूच होत नाही. इलेक्ट्रॉनिक घटक कालांतराने जुने होतात. त्यामुळे मूळ सायप्रेसची दर ४ वर्षांनी तपासणी होई आणि सुमारे १२ वर्षांनंतर ते, सुस्थितीत दिसत असले तरी, वापरातून काढले जाई.