व्हित्तोरिओ सेल्ला : हिमशिखरांचे छायाचित्रकार

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी राजगडावर जाऊन आला आणि आवर्जून मला भेटावयास आला. खिशातील मोबाईल काढून त्याने गडाची छायाचित्रे दाखविली; ती चारशेंहून अधिक होती. पाहता पाहता मी सहज विचारले, "बालेकिल्ला चढताना वाट कोणत्या अंगाने वळते रे?" तो क्षणभर थांबला, चित्रे मागेपुढे सरकवू लागला, आणि अखेरीस हसून म्हणाला, "सर, ते पाहायचं राहिलंच." त्याच्या प्रांजळपणामुळे मला राग आला नाही. परंतु चारशे चित्रे घेऊनही डोंगर पाहावयाचा राहून जातो, हे मनाला लागले. आणि एका मोजक्या चित्रांच्या धन्याची आठवण झाली. आज त्यांच्याविषयीच बोलावयाचे आहे.

व्हित्तोरिओ सेल्ला यांचा जन्म १८५९ साली इटलीच्या उत्तरेस, आल्प्सच्या पायथ्याशी वसलेल्या बिएल्ला या गावी झाला. हे गाव लोकरीच्या गिरण्यांचे, आणि सेल्लांचे घराणेही त्याच धंद्यातले. त्यांचे वडील जुझेप्पे व्हेनान्झिओ यांनी १८५६ साली छायाचित्रणावर इटालियन भाषेत ग्रंथ लिहिला. चुलते क्विन्तिनो सेल्ला हे इटलीचे अर्थमंत्री होते आणि १८६३ साली इटालियन अल्पाइन क्लब स्थापन करण्यात ते अग्रणी होते. म्हणजे एका बाजूने रसायनांच्या बाटल्या आणि दुसऱ्या बाजूने गिर्यारोहणाचे दोर, अशा घरात हा मुलगा वाढला. पुढे त्याने दोन्ही वारसे एकत्र केले, एवढेच म्हणावयाचे.

हे एकत्र करणे किती कठीण होते, ते समजण्यास त्या काळचे तंत्र थोडे जाणून घ्यावयास हवे. आरंभी ओल्या प्लेटांची पद्धत होती. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची, आणि थर वाळण्यापूर्वी धुवावयाची. अर्थात काळोखाचा तंबू, बाटल्या आणि पाणी हे सारे बिऱ्हाड चित्र घ्यावयाच्या जागीच न्यावे लागे. पुढे जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा निघाल्या. त्या घरून तयार नेता येत आणि परतल्यावर धुता येत. ही सोय झाली नसती, तर उंच शिखरांवरील छायाचित्रण फारसे पुढे सरकले नसते.

तथापि सोय झाली म्हणून ओझे गेले, असे नव्हे. त्या काळी मोठे चित्र हवे असेल, तर प्लेटही तेवढीच मोठी घेणे हा उत्तम मार्ग होता. काच कागदावर ठेवून तिच्याच आकाराचे चित्र छापले की बारीकसारीक तपशील स्पष्ट उमटे. सेल्लांनी ३० × ४० सेंटिमीटरच्या प्लेटांचा कॅमेरा घेतला. त्याचे वजन सुमारे १८ किलो, आणि एकेक काच किलोच्या जवळपास! पुढील काळात त्यांनी लहान कॅमेरेही वापरले. पण आल्प्समध्ये नाव मिळविले ते या जड यंत्राने. काचा फुटू नयेत म्हणून जनावरांच्या पाठीवरील खोगिरे आणि माणसांच्या पाठपिशव्या त्यांनी मुद्दाम सुधारून घेतल्या होत्या.

आणि हे सारे करणारा मनुष्य स्वतः पहिल्या प्रतीचा गिर्यारोहक होता. मार्च १८८२ मध्ये, ऐन हिवाळी बर्फात, मॅटरहॉर्न एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरणाऱ्या पहिल्या तुकडीत ते होते. मॉं ब्लांही त्यांनी १८८८ साली हिवाळ्यात असाच ओलांडला. पुढे १८८९, १८९० आणि १८९६ या साली ते कॉकेशसमध्ये गेले. १८९७ साली आब्रुत्झीच्या ड्यूकबरोबर अलास्कातील सेंट इलियास शिखराच्या पहिल्या आरोहणात सामील झाले. आणि १९०६ साली आफ्रिकेतील रुवेन्झोरी पर्वतावर, पाऊस आणि धुके यांच्या राज्यात, त्यांनी आपली तिपाई उभी केली.

डोंगरावरील छायाचित्रकाराचा दिवस गिर्यारोहकाच्या दिवसाहून लांब असतो. इतर मंडळी मुक्कामावर पोचली की पाय पसरतात. याला त्याच वेळी उद्याची जागा हेरावी लागते. पहाटेचे तिरपे ऊन हवे, कारण त्यातच कड्यांच्या घड्या आणि हिमनदीच्या भेगा उठून दिसतात. मध्यान्हीच्या उन्हात सारे बर्फ सपाट कागदासारखे होते. त्या काळच्या प्लेटांना निळा रंग फार लवकर भिडे, म्हणून आकाश आणि बर्फ दोन्ही एकसारखीच पांढरी उतरत. तो दोष कमी करण्यास भिंगापुढे पिवळी काच धरीत. डोंगररांगेचे अखंड दृश्य हवे असेल, तर कॅमेरा थोडा थोडा फिरवून एकामागून एक प्लेटा घ्याव्या लागत. तेवढ्यात एखादा ढग मध्ये आला की चित्रांचा सांधा बिघडला! आणि रात्री, इतर झोपले असता, मिणमिणत्या लाल दिव्याच्या उजेडात वापरलेल्या प्लेटा काढून कोऱ्या भरावयाच्या. चुकून प्रकाश लागला, तर दिवसाची मेहनत फुकट.

सेल्लांचा आपल्या देशाशी संबंध आला तो १८९९ साली. डग्लस फ्रेशफील्ड या इंग्रज गिर्यारोहकाबरोबर ते दार्जिलिंगहून निघाले आणि सिक्कीम व नेपाळ यांच्या मधून संपूर्ण कांचनजंगा पर्वताला प्रदक्षिणा घालून आले. सप्टेंबरच्या अखेरीस मोठे वादळ झाले. दार्जिलिंगला दरडी कोसळून माणसे दगावली आणि वर डोंगरात बर्फाचा मोठा थर साचला. उंच शिखरे चढण्याचा विचार सोडावा लागला. तरीही मंडळी मागे फिरली नाहीत. सुमारे ६,१०० मीटर उंचीची जोन्सोंग खिंड त्यांनी ओलांडली. पुढे आकाश निवळले, तेव्हा त्याच नव्या बर्फाने मढलेली शिखरे सेल्लांच्या काचेवर उतरली. सिनिओल्चूचे सौंदर्य जगाला कळले ते मुख्यतः त्यांच्याच चित्रांमुळे.

दहा वर्षांनी, १९०९ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते ड्यूकबरोबर काराकोरममध्ये बाल्टोरो हिमनदीवर गेले. बाल्टी हमालांच्या पाठीवरून सामान चढले. त्या अनाम माणसांवाचून यातील एकही चित्र झाले नसते, हे विसरू नये. ८,६११ मीटरचे के-टू शिखर तेव्हा कोणाच्याने सर झाले नाही. परंतु सेल्लांनी त्याचे कडे आणि धारा इतक्या स्पष्ट टिपल्या की पुढील मोहिमांच्या लोकांनी ती चित्रे समोर ठेवून वाटांचा विचार केला. अखेर १९५४ साली इटालियन मंडळी शिखरावर पोचली ती ड्यूकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धारेनेच. तेव्हा सेल्ला हयात नव्हते. १९४३ साली बिएल्ला येथे त्यांचे निधन झाले होते.

येथे माझी एक चूक सांगतो. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन मी राजमाचीस गेलो होतो. उसना कॅमेरा, छत्तीस चित्रांची फिल्म. दहावीची मुले, परीक्षेनंतर चारी दिशांना जाणार. म्हणून गडाच्या तटावर सर्वांना ओळीने उभे करून मोठ्या हौसेने चित्रे घेतली. फिल्म धुऊन आली ती कोरी! तिचे टोक मी दात्यांत नीट अडकविलेच नव्हते. ती मुले पुन्हा एकत्र आली नाहीत. त्यांतील एक तर आज या जगातही नाही. त्याची आई चित्र मागण्यास माझ्याकडे आली होती. तिला काय उत्तर दिले, ते आठवणे आजही नको वाटते.

म्हणून सेल्लांचा विचार करताना मला त्यांच्या धाडसापेक्षा त्यांची काळजी अधिक मोठी वाटते. निसटलेला क्षण परत मागता येत नाही, हे ओळखून ते प्रत्येक काच हाताळीत. त्या काळजीचे फळ आज एका निराळ्याच ठिकाणी दिसते. फाब्यानो व्हेन्तुरा या इटालियन छायाचित्रकाराने २००९ साली काराकोरममध्ये आणि २०११ साली कॉकेशसमध्ये जाऊन, सेल्ला प्रभृतींनी जेथे तिपाई लावली होती त्याच जागा शोधून पुन्हा चित्रे घेतली. जुने आणि नवे चित्र शेजारी ठेवले की कॉकेशसमधील हिमनद्या किती मागे हटल्या, हे शाळकरी मुलालाही दिसते. काराकोरममधील बदल त्या मानाने थोडा, हेही दिसते. सेल्लांनी ती चित्रे या हेतूने घेतली नव्हती. परंतु जे समोर होते ते नीट पाहिले आणि चोख नोंदविले, म्हणून शंभर वर्षांनी ते साक्षीपुरावा ठरले.

वयाच्या शहात्तराव्या वर्षी हा गृहस्थ पुन्हा मॅटरहॉर्न चढावयास निघाला होता! एका वाटाड्यास अपघात झाल्यामुळे परतावे लागले.

श्रोतेहो, हाती मोबाईल आला याचे मला वाईट वाटत नाही. अठरा किलोंचे ओझे कोणी हौसेने वाहू नये. परंतु पुढच्या खेपेस गडावर गेलात, तर पहिले चित्र घेण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते बसा. ऊन कोठून येते, वाट कोठे वळते, टाक्यात पाणी किती आहे, ते पाहा. मग चित्र घ्या, आणि घरी आल्यावर त्याखाली जागा व तारीख लिहून ठेवा. कोणाला ठाऊक, तुमच्या नातवंडांना तो गड ओळखण्यास त्याचाच आधार होईल.