रेबीजची लस दरवर्षी कशाला? शंका आणि कायदा

‘कुत्र्याला दरवर्षी लस म्हणजे विष, हा सगळा डॉक्टर आणि कंपन्यांचा धंदा’ असा मजकूर समाजमाध्यमांवर सहज सापडतो. कालाम सुत्त मानणाऱ्यांनी तो पुढे पाठवण्याआधी तपासायला हवा, आणि झिडकारण्याआधीही.

शंकेत काही तथ्य आहे. पूर्वी अमेरिकेत कुत्र्यांना बहुतेक लसी दरवर्षी देत. डिस्टेंपर, पार्वो यांच्या लसींचे संरक्षण कित्येक वर्षे टिकते, हे नंतर संशोधनातून दिसले. म्हणून प्रौढ कुत्र्याला या लसी तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त देऊ नयेत, असे पशुवैद्यकांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अमेरिकेत 12 लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लसीनंतर तीन दिवसांत दर 10,000 कुत्र्यांमागे सुमारे 38 जणांना त्रास झालेला दिसला. लहान चणीच्या कुत्र्यांना आणि एकाच वेळी अनेक लसी घेतलेल्यांना तो जास्त झाला.

रेबीजचे गणित मात्र वेगळे आहे. ही लस कुत्र्याइतकीच माणसासाठी असते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती कायद्याने सक्तीची आहे. पहिली लस वर्षभर ग्राह्य, पुढची तीन वर्षांची परवाना असलेली असेल तर तीन वर्षे. आजारी कुत्र्याला काही राज्ये सवलत देतात. रक्तातली प्रतिपिंडे मोजून लस टाळण्याची मुभा मात्र सहसा मिळत नाही. आणि कुत्र्यांमध्ये पसरणारा रेबीज अमेरिकेने संपवल्याचे 2007 मध्येच जाहीर झाले. ‘जास्त लस’ हा वाद तिथला आहे.

आपल्याकडे उलट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात, आणि त्यांत मुलांचा वाटा मोठा आहे. मुले कोणाची? गल्लीत, रस्त्यावर खेळणारी.

2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची जबाबदारी मालकावर टाकली आहे. पण वस्तीतल्या कुत्र्याचा मालक कोण? चार घरे त्याला भाकर टाकतात, मुलांनी त्याला नाव दिलेले असते, रात्री तो कोणाच्या तरी ओट्यावर झोपतो. दवाखान्यात न्यायचे म्हटले की तो कोणाचाच नसतो. रिक्षाचे भाडे, डॉक्टरांची फी, बुडालेली मजुरी कोण सोसणार? कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बंगल्यातला कुत्रा असावा.

गोव्यात 2014 पासून पाळीव आणि भटक्या कुत्र्यांना सोबतच लस देणारी मोहीम चालली. घरोघरी जाऊन आणि जाळी घेऊन. 2021 मध्ये सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर केला, तेव्हा तीन वर्षे तिथे रेबीजने माणूस दगावला नव्हता. सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. पण पिल्ले जन्मतात, म्हातारे मरतात, कोणाला टोचले याचा कागद नसतो, म्हणून तिथे मोहीम दरवर्षी घ्यावी लागते. लस वर्षभरात संपते म्हणून नव्हे.

कागद असलेल्या घरच्या कुत्र्याला तीन वर्षे चालणारी लस दिली असेल, तर महापालिकेने परवान्यासाठी ती तीन वर्षे ग्राह्य धरावी, असे माझे मत आहे. बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला, तो इथे लागू पडतो. पण नियम बदलेपर्यंत तारीख चुकवू नका. डॉक्टरांना विचारा: बाटलीवर मुदत किती लिहिली आहे? रेबीज आणि बाकीच्या लसी वेगवेगळ्या दिवशी देता येतील का? कुत्रा आजारी असेल तर थोडे थांबता येईल का?

आणि लस घेतलेला कुत्रा चावला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठा. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्याआधी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला विहाराच्या आवारात मोफत शिबिर घेण्याचे पत्र द्या, आणि वस्तीतल्या कुत्र्यांची नावे मुलांकडूनच लिहून घ्या. त्यांना सगळी ठाऊक असतात.