पेंटाग्राम : रॉक की इलेक्ट्रॉनिक?

मुंबईच्या पेंटाग्राम बँडवरून आमच्या हॉस्टेलमध्ये दोन पार्ट्या आहेत. १९९६ चा 'वुई आर नॉट लिसनिंग' हा गिटारवाला अल्बम. २००२ च्या 'अप'मध्ये मात्र इलेक्ट्रॉनिक आवाज भरपूर आले. एक पार्टी म्हणते, "विशाल ददलानीने रॉक सोडला!" दुसरी म्हणते, "भावा, बँड पुढे गेला." यावरून माझा रूममेट दोन दिवस माझ्याशी बोलला नाही!

मला वाटतं, भांडणाची जागाच चुकलीय. इलेक्ट्रॉनिक्स आधीपासून होतंच. गिटारचं ते खरखरीत डिस्टॉर्शन म्हणजे तरी काय? सिग्नल इतका वाढवायचा की त्याची टोकं कापली जातात. लॅबमध्ये आपण डायोड क्लिपरने करतो तेच!

खरा प्रश्न, ताल कोण धरतो? कुस्ती रंगली की हलगीवाला आपोआप लय चढवतो. सिक्वेन्सर मात्र ठरलेल्या वेगानेच चालतो, आणि ड्रमरला हेडफोनमधली टिकटिक ऐकत त्याच्याबरोबर जावं लागतं. नाचायला पक्का ठेका मिळतो, पण गर्दी बघून वेग बदलायची मोकळीक जाते.

तेव्हा मेसमध्ये वाद घालताना 'मशीन आलं' म्हणून रडू नका. गाण्यात माणसाला किती जागा उरलीय, ते कान देऊन ऐका. मग खुशाल भांडा!