परीक्षेचें माप आणि मुलांचें मोल

दहावीचा इंग्रजीचा पेपर देऊन मुलगा घरीं परतला, कीं आजोबांपासून काकूंपर्यंत सर्वांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पेपर सोपा होता कीं अवघड?" संस्कृताबरोबर इंग्रजीहि शिकविण्यांत आमची हयात गेली, तथापि हा प्रश्न आम्हांस नेहमींच अपुरा वाटत आला आहे. पेपर अवघड असण्यांत मुळींच अन्याय नाहीं. तो कशामुळें अवघड झाला, यावर न्यायान्याय अवलंबून आहे.

काठिण्य दोन प्रकारचें असतें. एक विषयाच्या पोटांतलें आणि दुसरें विषयाच्या बाहेरचें. कर्तरि प्रयोगाचा कर्मणि करावयास सांगणें, किंवा न वाचलेल्या उताऱ्यांतील शब्दाचा अर्थ संदर्भावरून काढावयास लावणें, हें पहिल्या प्रकारचें. त्यानें अभ्यासू व आळशी यांची निवड होते, आणि परीक्षा घ्यावयाची ती त्याचसाठीं. परंतु सूचना संदिग्ध असणें, वेळेच्या मानानें लेखन फार असणें, किंवा भाषेऐवजीं मुलाच्या घरच्या सांपत्तिक स्थितीचीच परीक्षा होणें, हें काठिण्य दुसऱ्या प्रकारचें होय.

या दुसऱ्या प्रकारचा दोष एकदां आमच्याच हातून घडला. एका सराव परीक्षेंत आम्हीं असा प्रश्न घातला होता, कीं सहलीस जावयाचें आहे, तरी हॉटेलांत व्यवस्था राखून ठेवण्याविषयीं तेथील व्यवस्थापकांस पत्र लिहा. जवळच्या वाडीवरून चालत येणाऱ्या एका मुलीनें इंग्रजींत लिहिलें, "आम्ही सहा जणें सकाळीं दहा वाजतां येऊं. कृपया चहा व भजीं तयार ठेवावीं." मायना बिनचूक, व्याकरण निर्दोष! परंतु खोल्यांचा उल्लेख नाहीं, म्हणून आम्हीं निम्मे गुण कापले. पेपर वांटतांना ती उठून म्हणाली, "गुरुजी, यांत माझें इंग्रजी कोठें चुकलें?" तिच्या गांवीं हॉटेल म्हणजे एस्. टी. च्या थांब्याजवळील चहाचें दुकान. मुक्कामाचें हॉटेल तिनें पाहिलेंच नव्हतें. आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं गुण परत दिले. परंतु बोर्डाच्या परीक्षेंत दूरच्या परीक्षकापुढें असें उभें राहून विचारण्याची सोय कोणत्या मुलीस असते?

चूक कबूल करणें मोठ्या संस्थेसहि अशक्य नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजीच्या पेपरांत कवितेवरील कांहीं प्रश्नांच्या जागीं परीक्षकांसाठीं असलेला मजकूर छापला गेला. तेव्हां मंडळानें कांहीं अटींवर त्याचे ६ गुण देऊं केले. मुलांचें नुकसान कांहीं अंशीं भरून निघालें. परीक्षेच्या खोलींतील गोंधळ व गेलेला वेळ मात्र परत आला नाहीं.

याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे मापच बदलण्याचा. २०१८ सालीं राज्याचा दहावीचा निकाल शेंकडा ८९.४१ लागला होता. २०१९ सालीं तो ७७.१० वर आला. एका वर्षांत महाराष्ट्रांतील मुलें मंदबुद्धि झालीं काय? त्या वर्षीं अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषाविषयांत शाळेकडून मिळणारे २० गुण काढून टाकून संपूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा घेण्यांत आली होती. शाळेच्या हातच्या गुणांत सढळपणा होतो, हा आक्षेप खोटा नव्हे. परंतु केंद्रीय मंडळाच्या मुलांचे अंतर्गत गुण कायम होते, आणि अकरावीच्या प्रवेशासाठीं दोघांनाहि एकाच रांगेंत उभें राहावयाचें होतें. पुढें ते २० गुण पुन्हा सुरू झाले. २०२० चा निकाल ९५.३० वर गेला. अर्थात् त्या वर्षीं करोनामुळें भूगोलाचा पेपरच झाला नव्हता, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे.

आमच्या परिचयाच्या एका घरीं थोरला चुलतभाऊ २०१८ सालीं उत्तीर्ण झाला व धाकटा २०१९ सालीं. धाकट्याचे इंग्रजीचे गुण कमी आले, म्हणून "दादाकडे पाहा" हें वाक्य त्याला वर्षभर पंक्तींत ऐकावें लागलें. त्याची लेखी उत्तरपत्रिका दादाहून सरसहि असेल. पण तें पाहणार कोण? जेथें एक मूल मराठी शाळेंत व दुसरें इंग्रजी माध्यमांत, तेथें तर तुलना सर्वस्वीं फोल ठरते. पहिल्याचें इंग्रजी तृतीय भाषा म्हणून तपासलें जातें आणि दुसऱ्याचें प्रथम भाषा म्हणून. दोघांचें पाठ्यपुस्तक निराळें, प्रश्नपत्रिकाहि निराळी. गुणपत्रिकेवरील आंकडा तेवढा एकसारखा दिसतो.

प्रश्नपत्रिका काढणारांस आमची विनंति एकच. प्रश्न अवश्य कठीण घाला. परंतु काठिण्य भाषेंतच राहूं द्या. वडीलधाऱ्या मंडळींसहि तितकेंच सांगावयाचें. निकालाच्या दिवशीं दोन मुलांचे आंकडे शेजारीं मांडण्यापूर्वी माप एकच होतें काय, एवढें विचारा. तें एक नसेल, तर गुणपत्रिका बाजूस ठेवून मुलास आधीं जेवावयास बोलवा.