जुन्या पिकअपचा इंडिकेटर बंद? नुसता स्विच बदलून भागत नाही!

मिठबावला आमच्या काकांकडे एक जुनी पिकअप आहे. सीझनला आंब्याच्या पेट्या, एरवी नारळ, चिरे, जे मिळेल ते. मागच्या सुट्टीत गेलो तर तिचा उजवा इंडिकेटर लागत नव्हता. काका हात बाहेर काढून वळत होते. दिवसा ते चालून जातं, पण रात्री मागून येणाऱ्या बाइकवाल्याला तो हात दिसणार कसा?

"स्विच गेलो असतलो," काका म्हणाले. स्विच खरंच गेला होता. नवीन बसवला, तरी मागचा दिवा मंदच! मग पूर्ण वायरिंग तपासावी लागली. तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल, तर आधी हे वाचा.

करंटचा रस्ता समजून घ्या

बॅटरी → फ्यूज → फ्लॅशर → स्विच → वायर → बल्ब → बॉडी → परत बॅटरी. यात कुठेही तुटलं की इंडिकेटर बंद.

फ्लॅशर म्हणजे टिक-टिक करणारी डबी. जुन्या थर्मल फ्लॅशरमध्ये दोन धातूंची पट्टी असते. करंटने ती तापते, वाकते आणि दिवा विझतो. थंड झाली की पुन्हा जोडली जाते. पुढचा-मागचा मिळून 21 वॉटचे दोन बल्ब, म्हणजे 12 व्होल्टवर साधारण 3.5 अँपिअर करंट. एक बल्ब गेला की करंट कमी होतो, पट्टी नीट तापत नाही. मग दिवा हळू लुकलुकतो किंवा नुसता लागून राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असेल तर उलट, तो भराभर लुकलुकतो. थर्मल फ्लॅशरवर एलईडी बल्ब लावले की लुकलुकणं बिघडतं, तेही याच कारणाने.

तपासायचं कसं?

1. फ्यूज आणि बल्ब बघा. होल्डरमध्ये हिरवा थर असेल तर पॉलिश पेपरने साफ करा.
2. इग्निशन चालू करा. फ्लॅशरच्या B पिनवर मल्टीमीटरने 12 व्होल्टच्या आसपास यायला हवेत.
3. फ्लॅशर काढून B आणि L च्या वायरी थोडा वेळ जोडा, स्विच उजवीकडे करा. दिवा सलग लागला, तर दोष फ्लॅशरचा.
4. नाही लागला, तर स्विचची आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर तपासा. आत व्होल्टेज आहे, बाहेर नाही? स्विच गेला.
5. दिवा मंद असेल तर एक वायर बल्ब होल्डरच्या बॉडीपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. दिवा लख्ख झाला, तर अर्थिंग खराब.

आमचा दुसरा दोष हाच निघाला. बल्बमधून आलेला करंट गाडीच्या बॉडीतून परत जातो. समुद्राच्या खाऱ्या हवेत अर्थिंगच्या बोल्टखाली गंज चढतो आणि रस्ता अडतो. इंडिकेटर दिला की टेललाइटही लुकलुकते का? मग अर्थिंगवरच आधी संशय घ्या.

स्विच आणि वायर बदलताना

- आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा.
- काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक वायरला टेप लावून नाव लिहा. जुन्या गाडीत वायरच्या रंगावर विश्वास ठेवू नका, मध्ये कोणीतरी जोड दिलेला असतोच.
- अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ बघून जोडणी करू नका. तिकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मागे ब्रेक आणि इंडिकेटरला एकच बल्ब असतो, त्यामुळे ब्रेकची वायरही स्विचमधून जाते. आपल्याकडे इंडिकेटरचा बल्ब वेगळा असेल, तर मुख्य वायरी तीनच: एक फ्लॅशरकडून, एक डावीकडे, एक उजवीकडे.
- तांब्याची 1 चौ. मिमी मल्टीस्ट्रँड वायर पुरते. नुसती पिळून टेप गुंडाळू नका. लग क्रिंप करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह घाला.
- वायर सायलेन्सरपासून लांब न्या. पत्र्याच्या भोकात रबरी बुश घाला, नाहीतर कडेने वायर कापली जाते.
- अर्थिंगची जागा चकचकीत घासा, बोल्ट घट्ट करा, वरून ग्रीस लावा.
- फ्यूज पूर्वीच्याच अँपिअरचा. त्याच्या जागी तार घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

शेवटची टेस्ट

मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या आणि लुकलुकणं मोजा. मिनिटाला 60 ते 120 वेळा व्हायला हवं. हेडलाइट लावून, ब्रेक दाबून पुन्हा बघा, कारण अर्थिंगचा दोष लोड आल्यावरच दिसतो.

आम्हाला दोन संध्याकाळ लागल्या. त्यातली एक वाचली असती, जर स्विच विकत आणण्याआधी ती एक वायर बॅटरीला लावून बघितली असती.